चार्जर लावलेला आहे

भिंतीवरचं बटण चालू आहे. अडॅप्टरचा दिवा लागलाय. बॅटरीची टक्केवारी सकाळपासून एकाच आकड्यावर आहे. तरीही लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं चिन्ह सांगतं की मशीन बॅटरीवर चालू आहे. लिनक्सचं अपडेट घेतलं त्या दिवसापासून हे सुरू झालं. वाचता वाचता स्क्रीन मंद होते, हात जरा थांबला की लॅपटॉप झोपी जातो, आणि फर्मवेअर अपडेट करायला घेतलं तर आधी चार्जर लावा म्हणून अडवतो. लावलेला चार्जर आणखी कसा लावायचा?

चार्जर लागल्याची बातमी बऱ्याच हातांतून जाते. आधी ती मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलरला कळते. मग 1996 साली ठरलेल्या एसीपीआय नियमांनुसार फर्मवेअरमार्फत कर्नलकडे जाते. कर्नल ती 'पॉवर_सप्लाय' फोल्डरमधल्या 'ऑनलाइन' नावाच्या फाइलीत मांडतो: 1 म्हणजे वीज आहे, 0 म्हणजे नाही. पुढे यूपॉवर नावाची सेवा ती वाचते आणि डेस्कटॉप यूपॉवरचं ऐकतो. म्हणून आधी ती फाइल उघडून बघावी. तिथे 1 असेल तर गडबड वरच्या मजल्यावर आहे. माझ्याकडे 0 होता. ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडून मशीन सुरू केलं, चार्जर तोच, प्लग तोच, आणि 1 आला. म्हणजे चार्जर बदलण्यात पैसे घालवायची गरज नव्हती. दुरुस्ती येईपर्यंत तो जुना कर्नल सफाईत उडू देऊ नये, एवढं सांभाळायचं.

बग कुठेही असतो, त्याबद्दल राग नाही. राग आहे तो त्या चिन्हाच्या खात्रीवर. याच मशीनमध्ये बॅटरी 'डिस्चार्जिंग' म्हणत होती आणि खर्चाचा वेग शून्य दाखवत होती. स्क्रीन पेटलेली, पंखा फिरतोय, बॅटरीतून काहीच जात नाही. मग वीज येते कुठून? असली विसंगती कर्नलला नवीन नाही. काही बॅटऱ्या असंच सांगतात म्हणून त्यात एक दुरुस्ती आहेही, पण ती वीज आहे हे आधी ठाऊक असेल तरच लागू होते. नेमकं तेच इथे ठाऊक नव्हतं.

शंका व्यक्त करायची सोय या व्यवस्थेत आहे. डेबियन कुळातल्या डिस्ट्रोंमध्ये 'ऑन_एसी_पॉवर' नावाचा छोटा प्रोग्राम असतो. त्याची उत्तरं तीन: वीज असेल तर 0, मशीन बॅटरीवर असेल तर 1, कळलं नाही तर 255. कर्नलही बॅटरीच्या स्थितीत 'अननोन' लिहू शकतो. खाली इतका प्रामाणिकपणा आहे, तो वर माझ्यापर्यंत पोचत नाही.

याचा त्रास मंद स्क्रीनपुरता राहत नाही. त्याच डिस्ट्रोंवर सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसवणारा अनअटेंडेड-अपग्रेड्स मुळात बॅटरीवर काम थांबवतो. चार्जर न दिसणाऱ्या मशीनवर ती अपडेट्स मुकाट अडकून राहतात आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मी बग नोंदवला आहे, दोन्ही कर्नलांच्या नोंदी जोडल्या आहेत. सोबत एक मागणीही लिहिली आहे: पुरावे एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवा, आणि तोवर स्क्रीनला हात लावू नका.