कुऱ्हाडीखालचं पाणी

भांडण मिटून दोन माणसं पुन्हा एकत्र आली की इंग्रजीत म्हणतात, त्यांनी ‘बरी द हॅचेट’ केलं, कुऱ्हाड पुरली. ऑफिसांतूनही हा प्रयोग आता चांगला रुळलाय. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन विभागप्रमुखांना साहेब समोरासमोर बसवतात, चहा मागवतात, आणि जिथं साध्या कुंडीतही खरी माती नाही अशा सातव्या मजल्यावर कुऱ्हाड पुरली जाते. मला आपली एकच शंका येते. पुरल्याची जागा दोघांच्याही पक्की लक्षात राहत असणार.

ही कुऱ्हाड मुळात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. होडेनोशोनी लोक सांगतात की मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा आणि सेनेका ही एकमेकांच्या जिवावर उठलेली पाच राष्ट्रं एका शांतिदूताचं ऐकून आजच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोंडागा सरोवराकाठी जमली. त्यानं पांढऱ्या पाइनचा वृक्ष मुळासकट उपटला, खड्ड्यात सगळ्यांना शस्त्रं टाकायला लावली आणि वृक्ष पुन्हा जागेवर लावला. या पाइनच्या सुया पाच-पाचच्या झुबक्यांनी येतात. पाच भांडखोरांसाठी याहून समजूतदार झाड कुठलं मिळणार! पण माझा जीव अडकतो तो त्या कथेच्या तळाशी. खड्ड्याखालून पाणी वाहत होतं, आणि ते शस्त्रं दूर घेऊन गेलं. इंग्रजीनं कुऱ्हाड उचलली, खड्डाही उचलला; पाणी तेवढं तिथंच राहिलं. 25 जून 1761 रोजी आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये ब्रिटिशांनी आणि तिथल्या मूळ रहिवासी मिकमॉ लोकांनी समारंभानं कुऱ्हाड पुरली, तीही गव्हर्नरच्या मळ्यात. मळा म्हणजे दर हंगामाला उकरायची जागा, हे एखाद्या माळ्यानं तेव्हाच सांगितलं असतं.

पाणी आपल्याकडे आहे. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे माझी आत्या फार गोड म्हणायची. मात्र पाठोपाठ तिचं ‘तरी पण’ यायचं, आणि गंगेला मिळालेलं सगळं, म्हणजे पैठणीऐवजी आलेलं साधं लुगडं, विहीणबाईंच्या पंगतीत पानात न पडलेली जिलबी, ओलंचिंब होऊन पुन्हा काठावर येऊन बसायचं.

होडेनोशोनींच्या कथेतही असा एक आहे. ओनोंडागांचा तादोदाहो, केसांत साप वळवळणारा, एकीला अखेरपर्यंत नाही म्हणणारा. त्याच्याशी कुणी लढत बसलं नाही. शांतिदूताचा साथी हियावाथा यानं त्याच्या केसांतले साप हळूहळू विंचरून काढले, आणि मग सगळ्यांनी त्यालाच महासभेचा प्रमुख केलं. त्या पदाला आजही तादोदाहोच म्हणतात.

आमच्या घरी ही कथा कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी धाकट्या चुलतभावाच्या लग्नात काकांनी मानपानाची वही मुकाट्यानं आत्याच्या हाती दिली. ती चष्मा लावून रात्र रात्र नावं लिहीत बसली. त्या लग्नात एकही पाहुणा रुसला नाही. जुन्या जिलबीवाल्या विहीणबाईंना तर तिनं हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, आणि वाढप्याला बजावलं, ‘यांच्या पानात दोन घाल रे.’