एसच्या आधी की नंतर?

तुमच्याही सोसायटीत ते असतीलच. लग्नाची पत्रिका घेऊन गेलात की मुहूर्त बघत नाहीत, कार्यालय बघत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "कुलकर्णीज? कुलकर्णींचं काय?" आपण बावचळतो. "अहो, इथं अपॉस्ट्रॉफी टाकलीय. म्हणजे कुलकर्ण्यांच्या मालकीचं काहीतरी मला बोलावतंय. काय बोलावतंय? कुत्रा?" पेढ्यांचा पुडा मात्र ठेवून घेतात.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांना टिकलीकाका म्हणतात. हयात विम्याच्या कचेरीत पत्रांचे मसुदे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर मसुदे संपले, पण गावात पाट्या होत्या. पाटीवर लाल पेन चालत नाही, तेव्हा त्यांची नजर काकूंच्या आरशावर गेली. खाली निमुळती होत जाणारी काळी टिकली ही मुळात अपॉस्ट्रॉफीच असून बायकांनी ती उगाच कपाळावर अडकवून ठेवली आहे, असं त्यांचं मत. सकाळी फिरायला निघतात ते खिशात पाकीट टाकूनच. "नवरा धडधाकट असून कपाळ मोकळं ठेवायची पाळी आलीय माझ्यावर," असं काकू जिन्यात सर्वांना सांगतात.

महिला दिनाच्या बॅनरवर 'विमेन्स' होतं, टिकली नव्हती. ऐन हळदीकुंकवात काका टेबलावर चढले. "विमेन हे आधीच अनेकवचन, म्हणून एसच्या आधी!" असं ओरडून त्यांनी ती लावली. बॅनरची पूजा चालली आहे असं वाटून एका आजींनी मागोमाग हळदकुंकूही वाहिलं.

खरा कहर झाला तो बाजारातल्या दोन भावांच्या कापड दुकानात. पाटीवर दोघांची इंग्रजी नावं, मध्ये अँड, शेवटी एस. काकांनी फार पूर्वी तिथं एक टिकली लावलेली. पुढं भावांचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं, दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. काका दुसऱ्या दिवशी हजर. "मालकी सामाईक असली की शेवटच्या नावालाच एक अपॉस्ट्रॉफी. वाटण्या झाल्या की प्रत्येकाला स्वतंत्र. तुमचं नक्की काय ठरलंय?" थोरल्याला वाटलं, हा धाकट्याच्या वकिलाचा माणूस. त्यानं बाहेर काढलं. धाकट्याला वाटलं, हा थोरल्याचा. त्यानं घाबरून चहा पाजला. दोन्ही बाजू ऐकून काकांनी निवाडा दिला, "दाव्याचा निकाल लागेपर्यंत दुसरी टिकली मी राखून ठेवतो." अजूनही काका दिसले की धाकटा शटर अर्धं खाली ओढतो.

त्यांचे सगळे सगेसोयरे विलायतेत. ब्रिस्टलमध्ये एक अनामिक गृहस्थ रात्री लांब दांड्याचं अवजार घेऊन दुकानांच्या पाट्या दुरुस्त करत हिंडतो, हे 2017 साली बीबीसीनं दाखवलं तेव्हा काकांना सख्खा भाऊ सापडल्यासारखं झालं. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं 2001 मध्ये अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. 2019 च्या अखेरीस, वयाच्या 96 व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं जाहीर करून त्यानं ती बंद केली. त्या रात्री काका जेवले नाहीत. काकूंनी एवढंच विचारलं, "सुतक किती दिवसांचं?"

मुलगा न्यू जर्सीत असतो. त्यानं हौसेनं नायगारा दाखवायला नेलं, तर काकांना बघायचा होता आइक्स पॉइंट. का, तर 1890 पासून अमेरिकेत भौगोलिक नावं ठरवणारं एक सरकारी मंडळ आहे आणि ते नावात मालकीची अपॉस्ट्रॉफी राहू देत नाही. सबंध देशात अपवाद फक्त पाच! मार्थाज व्हिनयार्ड हा त्यातला पहिला, 1933 चा. आणि 1944 साली मान्यता मिळालेला आइक्स पॉइंट मुलाच्याच राज्यात. "एवढ्या जवळ येऊन चुकवायचा?" असं ते म्हणत राहिले. मुलानं मॉलमध्ये नेलं.

मग पुनर्विकास आला. कराराचा जाडजूड मसुदा सभेपूर्वी सगळ्यांना वाटला आणि वाचला एकट्या काकांनी. सभेत उठून म्हणाले, "गच्ची मेंबर्सची, असं लिहिलंय खरं, पण अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी आहे. म्हणजे गच्ची एकाच सभासदाची. कोण तो?" सगळे खो खो हसले. मग हसू ओसरलं आणि एकेक जण सेक्रेटरींकडे बघू लागला.

बिल्डरचे वकील म्हणाले, "काका, त्यानं काही फरक पडत नाही."

"पडत नाही ना? मग नंतर टाका."

वकिलांनी टाकली. सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा होता.

सह्यांना सुरुवात झाली तेव्हा काकांचं नाव कुणी पुकारलंच नाही. फ्लॅट मुलाच्या नावावर आहे आणि मुलानं मुखत्यारपत्र दिलंय मेव्हण्याला. बाबांना दिलं असतं तर ते वाचत बसले असते, म्हणून. मेव्हण्यानं फोनवर बोलत बोलत सह्या ठोकल्या. काका शेजारी बसून त्याला पानं उलटून देत होते. गावभर दुसऱ्यांच्या मालकीची खूण जागेवर बसवत हिंडणाऱ्या या माणसाच्या नावावर गॅलरीतली कुंडीसुद्धा नसेल, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला. माझ्याही घरच्या पत्रिकेतला कुत्रा मी विसरलेलो नव्हतो.

परवा फाटकावर नव्या इमारतीचं होर्डिंग लागलं. नावात 'किंग्ज' आहे. अपॉस्ट्रॉफी अर्थातच नाही. संध्याकाळी काका शिडी घेऊन माझ्या दारात. आकार एवढा मोठा की एका टिकलीनं भागणारं नव्हतं. काकूंनी पाकिटांची अख्खी माळ आपणहून काढून दिली होती.

"राजा एक की अनेक?" त्यांनी विचारलं.

"सध्या तरी छत्तीस सभासद आहेत."

"म्हणजे एसच्या नंतर. चढ तू, मी शिडी धरतो. आणि शेपूट खाली येऊ दे. मागं वॉचमनला सांगितलं होतं, त्यानं उलटी लावली."