भिशीत वाजलेली ‘ताली’

अहो, जरा इकडं या की कुंपणापाशी. ऐकलंत का, काल भिशीत काय झालं ते? तुम्ही चहा घेऊन लगेच उठलात, खरी मजा त्यानंतरच झाली! भांडण नाही म्हणायचं हो, पण कोपऱ्यावरच्या काकू आणि बँकेतल्या वहिनी अजून बोलत नाहीयेत. सकाळी दूधवाल्यापाशी दोघी समोरासमोर आल्या, तर काकू पिशवीत सुट्टे पैसे शोधत बसल्या म्हणे. काकू! ज्यांचे पैसे कायम मुठीत मोजून तयार असतात!

तर झालं काय, काकूंच्या सुनेनं त्यांना ती ‘ताली’ सीरिज लावून दिली होती. सुश्मिता सेनची हो, आपल्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंतांवरची. २०२३ च्या पंधरा ऑगस्टला आली, सगळ्यांची पाहून झाली, काकूंनी आत्ता पाहिली. आणि आल्या त्या भडंगाची वाटी हातात घ्यायच्या आधीच सुरू. काय काम केलंय, काय ती साडी, काय तो आवाज, मी तर बाई ढसाढसा रडले. सगळ्या माना डोलवतायत. आणि वहिनी, तो चष्मा कपाळावर सरकवला ना त्यांनी की मी ओळखते, म्हणाल्या, “काम चांगलंच केलंय. पण तिनं का करावं?”

झालं. काकूंचा घास तोंडातच.

वहिनींचं म्हणणं असं की मुंबईत एवढ्या तृतीयपंथी नट्या कामासाठी वणवण फिरतायत, त्यातली एकही सापडली नाही? तर काकू काय ऐकून घेतात! म्हणाल्या, “अगं, नट म्हणजे जो आपण नाही ते होऊन दाखवणारा. मग उद्या खुन्याचं काम करायला येरवड्यातून माणूस आणायचा का?” सगळ्या खळखळून हसल्या, मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू. काकूंनी विजयानं दाण्याचा बकाणा भरला.

आणि त्यात काय, गौरीताईंची स्वतःची काही हरकत नव्हती. त्या तर सुश्मिताबरोबर किती कार्यक्रमांना गेल्या, कौतुक केलं. आणि पहिलं पोस्टर आलं तेव्हा सुश्मितालाच लोकांनी काय काय लिहिलं होतं, आठवतंय ना? तृतीयपंथीयांना देतात ती घाण शिवी. तिनंच मुलाखतीत सांगितलं नंतर. काकू म्हणाल्या, बघ, शिव्या खाऊन काम केलं पोरीनं. वहिनी म्हणाल्या, तिनं शिव्या खाल्ल्या त्या सीरिजपुरत्या. पुढं काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात पोहे आले...

तर काय सांगत होते? हां, ती कृतिका देव. छोट्या गणेशचं, म्हणजे लहानपणच्या गौरीताईंचं काम तिनं केलंय ना, केस कापून. म्हणजे मुलग्याचं काम मुलीनं आणि मोठेपणीचं सुश्मितानं. वहिनी म्हणाल्या, एवढं मात्र शहाणपणाचं केलं. कारण एरवी काय होतं, दाढीमिशीचा नट साडी नेसतो, पुढच्या महिन्यात सूट घालून बक्षीस घ्यायला स्टेजवर चढतो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं की या बायका म्हणजे आतून पुरुषच. मला हे पटलं बरं का. त्या नवाजुद्दीनचा ‘हड्डी’ सिनेमातला बाईच्या वेषातला पहिला फोटो आला तेव्हा नाही का सगळे म्हणत होते, ही तर अर्चना पूरण सिंग! तिनंही हसून घेतलं बिचारीनं. पण बघा, चर्चा कसली झाली? मेकअपची!

आणि आपले नगरचे सदाशिव अमरापूरकर, ‘सडक’मधली तृतीयपंथी महारानी! १९९१ चा सिनेमा. खलनायकाचं फिल्मफेअर पहिल्यांदा सुरू झालं ते त्यांनाच मिळालं. काम काय केलंय, अहो, अंगावर काटा! पण मला विचाराल तर त्यानंतर कितीतरी वर्षं मिरज स्टेशनवर कुणी टाळी वाजवली की मी पर्स छातीशी धरायचे. त्या बिचाऱ्यांनी माझं काय केलं होतं? काही नाही. महारानीनं केलं होतं सगळं.

काकूंनी मग ‘जोगवा’ काढला. उपेंद्र लिमये, राष्ट्रीय पुरस्कार, आता बोल! तो जोगत्या आहे, देवीला सोडलेला, ते वेगळं हो, पण साडीतलाच ना. वहिनींनी बोटं मोजायला सुरुवात केली. लिमये एक. कन्नडमधला संचारी विजय दोन. बंगालीतला तो रिद्धी सेन तीन. ‘सुपर डिलक्स’चा विजय सेतुपती चार. सगळे पुरुष, सगळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार, सगळ्यांना साडीतल्या भूमिकेसाठी. “अमोल पालेकरांच्या ‘दायरा’त तर निर्मल पांडेला फ्रान्समध्ये नटीचं बक्षीस दिलं,” वहिनी म्हणाल्या, “आपल्या सोनाली कुलकर्णीबरोबर वाटून!” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि काकू, मंगळवारी-शुक्रवारी तुमच्या दारात परडी घेऊन जोगते येतात, त्यांना तुम्ही किती घालता?”

अहो, असं बोलायचं असतं का चारचौघींत? काकू धान्य सढळ हातानं घालतात हो, मी पाहिलंय. पण तोंड एवढंसं झालं त्यांचं.

त्या कन्नड सिनेमाचं तर मला ठाऊकच नव्हतं. तो लिव्हिंग स्माइल विद्याच्या आत्मचरित्रावर आहे ना, आणि ती पारलिंगी बाई स्वतः रंगभूमीवरची नटी! म्हणजे गोष्ट एका नटीची, आणि पडद्यावर तिचं काम करणारा पुरुष. बक्षीस त्याला. संचारी विजय फार गुणी होता हो, अपघातात गेला बिचारा, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण नटीची गोष्ट आणि नटीच नाही... मी काल रात्री भांडी लावताना याचाच विचार करत होते.

तर काय सांगत होते, काकू. काकू हरणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी हुकमाचं पान काढलं. बालगंधर्व! पदर सारखा केला, पाठ ताठ केली. म्हणाल्या, “सिंधू कुणी केली? भामिनी कुणी केली? महाराष्ट्रातल्या बायका साडी कशी नेसायची हे एका पुरुषाकडून शिकल्या. आणि तुम्ही सांगलीत, नाट्यपंढरीत बसून मला विचारता की ज्याचं काम त्यानं करावं?” सगळ्या गप्प. सांगलीत बालगंधर्वांच्या पुढं कोण बोलणार? वर मीच मूर्खासारखी म्हणाले की ‘नटरंग’, ‘बालगंधर्व’ आणि ‘ताली’, तिन्ही एकाच रवी जाधवांचे, बघा कसा योग. काकू माझ्याकडे बघून अशा हसल्या, जणू मी त्यांच्या पार्टीतच गेले.

आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज. “मग १९३३ सालाचं काय?”

मामा हो! काकूंचे दीर. झोपाळ्यावर पेपर वाचत होते, आम्हाला वाटलं झोपले. जन्म गेलाय त्यांचा हौशी नाटकात. आत आले, पोह्यांची डिश उचलली आणि उभ्या उभ्याच काकूंना म्हणाले, “वहिनी, बालगंधर्व होते कारण तेव्हा घरंदाज बाईला स्टेजवर पाऊल टाकायची सोय नव्हती. नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा काय लोकांनी बोटं मोडली नसतील? पुढं बालगंधर्वांच्या कंपनीत गोहरबाईच नायिका झाल्या की. आज कोण सिंधूसाठी पुरुष शोधतंय?” आणि लिंबू मागितलं.

काकूंचा चेहरा, अहो, काय सांगू तुम्हाला. घरचाच माणूस उलटला ना! आधी मामांकडे बघितलं, मग पोह्यांकडे, मग परत मामांकडे, आणि लिंबाची फोड अशी ठेवली डिशमध्ये की रस माझ्या चष्म्यावर उडाला.

मला तर मामांचं बोलणं अगदी मनाला लागलं. कारण बघा, दार बंद असताना दुसऱ्यानं काम केलं तर ती कला झाली, मान्य. दार उघडल्यावरही त्यानंच करायचं म्हटलं की मग जरा... आणि इथं दार उघडलंय की नाही तेच कळत नाही.

तिकडं अमेरिकेतही हाच घोळ. ती स्कार्लेट जोहान्सन, २०१८ ला एका पारलिंगी पुरुषाचं काम घेतलं तिनं, पिट्सबर्गच्या मसाज पार्लरवाल्या टेक्स गिलचं. लोकांनी आरडाओरडा केला, तर पहिलं उत्तर काय आलं तिच्याकडून? जेरेड लेटोला विचारा, फेलिसिटी हफमनला विचारा, त्यांनीही अशी कामं केलीत! किती उर्मट ना? दोन आठवडेही झाले नाहीत, सोडलं बाईनं काम. आणि सिनेमाच बारगळला. काकू बरोबर तेच म्हणाल्या, नटी मोठी नसेल तर पैसा कोण लावणार? यात तथ्य आहे हो. ‘ताली’त अनोळखी चेहरा असता तर काकूंच्या सुनेनं लावून दिली असती का? आणि तो ‘डॅनिश गर्ल’वाला एडी रेडमेन, ऑस्करला नामांकन मिळवलं आणि २०२१ मध्ये म्हणाला, ते काम करणं चूक होती, आता नसतं घेतलं. बक्षिसं-बिक्षिसं सगळी होऊन गेल्यावर!

पण मला सांगा, चेहरा मोठा कसा होतो? काम मिळूनच ना? माझी भाची मुंबईत सीरियलींच्या कास्टिंगमध्ये आहे, तुम्हाला माहितीच आहे, ती कुरळ्या केसांची. ती सांगते, मावशी, फोन येतो तो सिग्नलच्या सीनसाठी नाहीतर बाळाला आशीर्वाद द्यायच्या सीनसाठी. दोन टाळ्या वाजवायच्या, दिवसाचे पैसे घ्यायचे, घरी. गोष्टीतली मोठी बाई असली की मग स्टारचा शोध सुरू. मी म्हटलं, अगं आणि शेजारची काकू? डॉक्टरीण? जाऊबाई? ती म्हणाली, त्याला कुणी बोलवतच नाही.

म्हणून तर मला ‘मेड इन हेवन’ आवडली. ती पारलिंगी त्रिनेत्रा, स्वतः डॉक्टर आहे, तिला त्यांनी ऑफिसमध्ये काम करणारी मेहर केलीय. लग्नं लावते, चिडते, प्रेमातबिमात पडते. टाळी नाही की आशीर्वाद नाही. ‘पाताल लोक’मधली ती चीनी, मणिपूरचा कलाकार आहे ना तो, काय डोळे! आणि आपल्या झी मराठीवर ‘कारभारी लयभारी’त गंगा होती की. रोज रात्री जेवताना दिसायची, कुणाचं काही अडलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, आणि ह्यांचं तर जाहिरातीतसुद्धा अडतं. जाहिरातीवरून आठवलं, ती विक्सची, २०१७ ची, आईची. त्यात गौरीताई स्वतःच होत्या! सगळा देश रडला. म्हणजे कॅमेऱ्यापुढं उभं राहता येत नाही म्हणावं, तर तेही नाही.

हां, पण वहिनींचं सगळंच मला पटत नाही बरं. त्या म्हणतात, असा नियमच करा. मी म्हटलं, म्हणजे ऑडिशनला दारात उभं करून विचारायचं, तुम्ही नक्की कोण? एखादीनं घरी सांगितलेलंसुद्धा नसतं हो. तिनं काय करायचं, कास्टिंगवाल्याला आधी सांगायचं आणि आईला मागून? वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत, चष्मा खाली आला. हा पॉइंट माझा, लक्षात ठेवा, भिशीत कुणी विचारलं तर सांगा.

आणि काकूंनी जाता जाता टोला हाणलाच. ती कार्ला सोफिया गास्कॉन आठवते? ‘एमिलिया पेरेझ’ची, २०२५ च्या ऑस्करला प्रमुख नटीत नामांकन मिळालेली पहिली उघडपणे पारलिंगी बाई. सगळीकडं आनंदीआनंद, आणि तेवढ्यात कुणीतरी तिची जुनी ट्विट्स उकरून काढली. मुसलमानांबद्दल काय, आणखी कुणाकुणाबद्दल काय, शोभत नव्हतं हो. नेटफ्लिक्सवाले लगेच चार हात लांब. काकू म्हणाल्या, बघितलंस, एवढं करून नट्या शेवटी नट्याच! वहिनी म्हणाल्या, मी तेच तर म्हणतेय काकू, नट्याच. यावर हसावं की काय ते कुणाला कळेना, मामा मात्र हसले आणि झोपाळ्यावर परत गेले.

भिशीची चिठ्ठी? अहो, ती राहिलीच ना काढायची त्या गडबडीत! पुढच्या वेळी दोन काढायच्या आहेत. आणि पुढची भिशी वहिनींकडे, आता बोला. त्या म्हणे ‘जॉयलँड’ दाखवणार आहेत. पाकिस्तानचा, त्यात अलिना खान आहे, खरीच पारलिंगी नटी. कान्समध्ये गाजला आणि त्यांच्याच देशात आधी बंदी घातली होती त्यावर. पाकिस्तान म्हटल्यावर काकू येतायत कशाला, असं मला वाटलं. तर आज दुपारी सुनेकरवी निरोप आलाय वहिनींना. येते म्हणाल्या, पण सबटायटल मोठी लाव, आणि पोह्यांत साखर कमी.