ज्वालामुखीची सोय

न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे आलो त्याच आठवड्यात बर्फ पडला आणि सोबत आणलेली दोन्ही पुस्तकं संपली. मग टेबलावर पडलेली त्याची भाडेकरूच्या विम्याची पॉलिसी उघडली. घरमालकानं मागितली म्हणून त्यानं ती फोनवर पाच मिनिटांत काढलेली. वाचणारा पहिला माणूस मीच. जन्म बँकेत गेल्यामुळे बारीक अक्षर दिसलं की हात चष्म्याकडे जातो.

इमारत मालकाची, तिचा विमा त्यानं काढायचा. आपल्या भांड्याकुंड्यांचा आपण. इथवर सरळ. आग, धूर, चोरी, बर्फाचं वजन, सगळ्याला भरपाई. विमान येऊन पडलं तरी भरपाई. आणि चक्क ज्वालामुखी! जिथे उकळी फुटते ती फक्त आमच्या चहाला, तिथे लाव्हा आला तर कंपनी पैसे देणार. पूर मात्र वगळलेला. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसानं याच न्यू जर्सीत तळघरं बुडाली, माणसं गेली.

"म्हणजे वरच्यांचा नळ अचानक फुटला तर ते पाणी विम्याचं, आणि नदीचं आलं तर आपलं?"

"बाबा, असंच असतं," मुलगा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला.

दागिन्यांचं कलम सुनेला वाचून दाखवलं. चोरी झाली तर सगळे मिळून १,५०० डॉलर. जास्त हवं तर वेगळी नोंद, वेगळा हप्ता. तिनं हातातल्या पाटल्या मुकाट्यानं बाहीखाली सारल्या. सामानाची भरपाईही घसारा वजा जाता. आमच्या हिनं पुण्याहून आणलेल्या कुकरचा घसारा मी हौसेनं काढला; साडेतीन डॉलर उरले. संध्याकाळी पिठलं आलं, भात आला नाही. नव्या वस्तूची पुरी किंमत देणारी पॉलिसी थोडी महाग पडते. ती घ्यावी, असं माझं स्पष्ट मत झालं.

पाहुणा घरात घसरून पडला आणि दोष आपला निघाला, तर एक लाख डॉलरपर्यंतची जबाबदारी कंपनीची. घरचा माणूस पडला तर दमडी नाही. सहा महिन्यांसाठी आलेला बाप यातला कोण, हे मुलाला विचारायचं मी टाळलं.

पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेतला तो लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात. तेव्हा तुमचंही कुणी तिकडे तळमजल्यावर भाड्यानं राहत असेल, तर वादळाची बातमी यायच्या आत फोन करा.