पेन्सिल्व्हेनियाची काळजी

अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल भारतीय माणसाच्या सोयीने लागतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिकडे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला मतदान आटोपत येतं, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. दुधाच्या पिशव्या दारात पडेपर्यंत केंटकीचा निकाल लागलेला असतो. अंघोळ-नाश्ता उरकून माणूस टीव्हीसमोर बसला की खरी रंगत सुरू. ६ नोव्हेंबर २०२४ ला पेन्सिल्व्हेनिया ट्रम्प यांच्या पदरात पडलं ते आपल्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला. आमच्याकडे त्या दिवशी भात जरा खाली लागला.

मुलुंडच्या आमच्या बागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी त्या आठवड्यात गुडघेदुखी विसरली होती. पेन्सिल्व्हेनियाचे अध्यक्ष निवडणारे १९ इलेक्टर, मिशिगनचे १५, विस्कॉन्सिनचे १०, सगळं तोंडपाठ. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर "एरी काउंटीवर नजर ठेवा" असं बजावत होते. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, हा विषय मात्र त्या बाकड्यावर निघाला नाही.

हे वेड एकट्या मुलुंडचं नाही. तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरम या गावात कमला हॅरिस यांच्या आजोबांचा जन्म झाला, तेवढ्या नात्यावर तिथल्या देवळात त्यांच्या विजयासाठी पूजा झाल्या. २०१६ साली दिल्लीत जंतरमंतरवर ट्रम्प यांच्यासाठी होम पेटला होता. आणि ओबामा २००८ साली निवडून आले तेव्हा त्यांच्या वडिलांच्या केनियाने ६ नोव्हेंबरला चक्क राष्ट्रीय सुट्टी दिली. खुद्द अमेरिकेत मतदानाच्या दिवशी देशभराची अशी सुट्टी नसते. म्हणजे लग्नघरातली माणसं कामावर गेलेली आणि वऱ्हाड मांडवात नाचतंय!

वऱ्हाडाने फार पुढे-पुढे केलं तर काय होतं, तेही सांगतो. २००४ साली लंडनच्या 'गार्डियन'ला वाटलं, बुश साहेबांचा त्रास साऱ्या जगाला, मग मत देणाऱ्यांना जगाने दोन शब्द सांगायला काय हरकत आहे? त्यांनी ओहायो राज्यातली क्लार्क काउंटी निवडली. आधीच्या निवडणुकीत ती अगदी थोडक्यात बुश यांचे प्रतिस्पर्धी गोर यांच्याकडे गेली होती. वाचकांना तिथल्या मतदारांचे पत्ते दिले, आणि हजारो सुशिक्षित, सभ्य ब्रिटिशांनी अनोळखी ओहायोकरांना पत्रं लिहून कुणाला मत द्यावं ते समजावलं. उलट टपालाने जे आलं त्यात ब्रिटिशांच्या दातांपर्यंत सगळ्याचा उद्धार होता. निवडणूक झाली. गोर यांना साथ दिलेल्या ओहायोतल्या काउंट्यांपैकी एकच बुश यांच्याकडे वळली, ती क्लार्क. पत्रांमुळेच वळली असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण दुसऱ्याच्या घरातल्या मतदाराला शहाणं करायला निघणाऱ्याने ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

आता लग्नघरच्या माणसांकडे वळू. १९९६ साली क्लिंटन दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा अमेरिकेतल्या निम्म्याहून थोड्या कमीच प्रौढांनी मत दिलं होतं. अध्यक्षपदाची धामधूम नसलेल्या मधल्या निवडणुकांत तर आनंदच. २०१४ साली पात्र मतदारांपैकी जेमतेम ३७ टक्के आले. २०२० साली दोन तृतीयांश लोकांनी मत दिलं, तर शंभर वर्षांतला उच्चांक म्हणून त्याचा गाजावाजा झाला.

बाहेरून बघणारा लगेच म्हणतो, आळशी लेकाचे! मला तसं वाटत नाही. तिथे मत द्यायचं म्हणजे काय, ते जरा बघा. वार मंगळवार. का, तर १८४५ साली तसा कायदा झाला. शेतकऱ्याचा रविवार चर्चमध्ये जाई, घोडागाडीने तालुक्याला पोचायला एक दिवस लागे आणि बुधवारी बाजार असे. घोडे गेले, मंगळवार राहिला. आपल्याकडे यादी करायला शिक्षक दारात येतात. तिथे बहुतेक राज्यांत मतदाराने स्वतःच आपलं नाव नोंदवायचं, घर बदललं की पुन्हा खटपट. आणि मतपत्रिका काय विचारता! अध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधी, शेरीफ, शाळेच्या मंडळाचे सदस्य, कुठे न्यायाधीश, कुठे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर. कॅलिफोर्नियात २०२४ साली त्यावर राज्यपातळीचे दहा प्रस्ताव होते, गावचे वेगळे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रांगेत उभं राहून रोखे काढावेत की नाहीत हे ठरवायचं. मी असतो तर कोरोनरपाशीच थकलो असतो.

एवढं करून मताला किंमत किती? २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली आणि त्या हरल्या. कारण तिथे हिशेब माणसांचा नाही, राज्यवार इलेक्टरांचा. २०२४ साली खरी लढत सात राज्यांत होती. उरलेल्या राज्यांतल्या माणसाला कोण विचारतो! उलट २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांनी साऱ्या देशाचा निकाल ठरला. तेव्हा घरी बसलेल्या तिथल्या लोकांनी पुढे काय केलं असेल, याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याची बरीच वर्षं गेली आहेत. पक्षांतर्गत निवडणुकांपासून प्रत्येक वादचर्चा तो जागून बघतो, कारण व्हिसाचा एक नियम बदलला तर त्याचं घर हलतं. त्याला मत नाही. शेजारचा गृहस्थ तिथेच जन्मलेला, भला माणूस. बर्फ पडलं की भाच्याचाही रस्ता साफ करून देतो. तो मत देत नाही. "न्यू जर्सी कुणाकडे जाणार हे ठरलेलंच आहे," असं तो म्हणतो. १९९२ पासूनचे निकाल पाहिले तर त्याला खोडून काढणं कठीण आहे. भाच्याने त्याला एकदा मतदान केंद्रापर्यंत गाडीने सोडायची तयारी दाखवली. त्याने आभार मानले आणि भाच्याला मासेमारीला बोलावलं.

भाच्याची मुलगी तिकडेच जन्मली, म्हणून नागरिक. २०३२ साली ती अध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत देऊ शकेल. बापाचा नंबर तोवर लागेल का, हे कुणीच सांगत नाही. राजकारणाचा विषय निघाला की ती जेवणाचं ताट घेऊन आपल्या खोलीत जाते.