आवाज येतोय का?

आटपाडीत नवं ॲप आधी कुणाच्या फोनवर उतरतं, हे विचारायला लांब जावं लागत नाही. अण्णांच्या! घरची डाळिंबाची बाग, पन्नाशी उलटलेली, खिशात दोन मोबाइल आणि त्यांच्या वजनाने एका अंगाला ओढलेला सदरा. असा एकेक अण्णा दिघंचीत, करगणीत, खरसुंडीतही सापडतो. नाव बदलतं, खोड तीच. मेसेज धाडायची आणि फुकट बोलायची कोणतीही नवी सोय निघाली की पहिला नंबर आपला लागला पाहिजे. त्या सोयीवर बोलायचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही.

अडचण एकच. नवा ट्रॅक्टर एकट्याने चालवून बघता येतो, फोनला दुसरं टोक लागतं. त्यामुळे अण्णांचा खरा उद्योग माणसं गोळा करण्याचा. आणि ‘नवीन ॲप घ्या’ हे सगळ्यांना कळवायचं कशावरून? जुन्या ॲपवरून.

तसा या तालुक्यात दुसऱ्या टोकाचा तुटवडा नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या पोरं गलाईच्या धंद्याला लावली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारे इथले कारागीर केरळ-तमिळनाडूपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजारांत दुकानं टाकून बसलेत. एक भाऊ कोइमतूरला, दुसरा कोलकात्याला, आई इथं. एसटीडी बूथच्या काळात या घरांतलं बोलणं रात्री दर उतरल्यावर व्हायचं, तेही मीटरचे लाल आकडे पळताना बघत, अर्धं वाक्य गिळून. अशा गावात फुकट बोलण्याचं कुणाला वेड लागलं तर नवल नाही, एवढं अण्णांच्या बाजूने म्हणायलाच हवं.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे २०१५. व्हॉट्सॲपवर कॉलची सोय त्या वर्षी आली. पण सुरुवातीला नुसतं ॲप नवं करून भागत नसे. ज्याच्याकडे ती सोय चालू झाली आहे, त्याने आपल्याला कॉल करावा लागे. मग ती आपल्याकडे उघडे. गुरुमंत्रच की! अण्णांनी तो पुण्याच्या पुतण्याकडून मिळवला आणि सलूनमध्ये, दूध डेअरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर ‘उचल, नुसतं उचल’ करत अख्ख्या पेठेला वाटला. काही जणांनी त्या बदल्यात चहाही पाजला.

जिओ यायला अजून वेळ होता. ते सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. तोवर टू-जीवर एका तोंडातला शब्द दुसऱ्या कानात पडेपर्यंत मधे जांभई देऊन होई.

‘आवाज येतोय का?’

काहीच नाही.

‘येतोय. माझा येतोय का?’

‘आँ? आवाज येतोय का?’

‘येतोय म्हटलं की!’

‘मग बोल.’

‘तुम्हीच बोला. तुम्ही लावलाय.’

‘मी नुसता बघायला लावलाय. ठेव.’

अण्णांचे बहुतेक कॉल इथवरच जातात. डाळिंबाचा दर, आईचं औषध, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला कोण कोण येणार, हा खरा मजकूर नंतर साध्या फोनवर होतो.

मेसेजचंही तेच. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालक दीड कोटीवर अडून बसला. अण्णांनी मेंढ्याचा फोटो तीन ॲपवरून धाडला. बघणारे तिन्हीकडे तेच, त्यामुळे प्रत्येकाला मेंढा तीनदा पोचला. कोलकात्याच्या भावाने तर तीन मेंढे समजून एकूण किमतीचा हिशेबही केला.

पुढं जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणाचा गवगवा झाला. इलॉन मस्कने दोन शब्दांत ‘सिग्नल वापरा’ म्हणून सांगितलं आणि आटपाडीत ते अण्णांनी मनावर घेतलं. आपली गुपितं परदेशी जातात, असं म्हणत त्यांनी व्हॉट्सॲप काढून टाकलं. अण्णांची गुपितं पारावर सगळ्यांना पाठ आहेत, ही गोष्ट वेगळी. सिग्नलवर ते, पुण्याचा पुतण्या आणि एक औषधविक्रेता असे तिघे जण काही आठवडे एकमेकांना सुप्रभात करत राहिले. मग डाळिंबाच्या व्यापाऱ्याचा ग्रुप जुन्याच जागी आहे हे ध्यानात आलं, आणि अण्णा गुपचूप माघारी आले.

सप्टेंबर २०२५ मध्ये चेन्नईच्या झोहो कंपनीच्या ‘अरट्टई’चा बोलबाला झाला. केंद्रातल्या मंत्र्यांनी ‘देशी वापरा’ म्हटलं आणि कंपनीच्या संस्थापकांनीच सांगितलं की रोजची नोंदणी तीन दिवसांत तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली. त्या साडेतीन लाखांत अण्णा नसते तरच नवल. कॉल पूर्ण कूटबद्ध, मजकूर मात्र अजून नाही, हा त्या वेळचा फरक ते पारावर लोकांना समजावून सांगत होते. ऐकणाऱ्यांना कूटबद्ध म्हणजे काय ते कळलं नाही, पण अण्णांनी पहिला नंबर लावला एवढं कळलं.

मग अर्थातच पहिला कॉल कोइमतूरच्या भाचीला. तिने लगेच उचलला आणि आवाज स्वच्छ आला. अण्णा क्षणभर गांगरले. विचारायचं तेच संपलं होतं.

‘बघ, आटपाडीत पयलं मीच घेतलं.’

‘मामा, माझ्याकडं २०२१ पासनं हाय की.’

‘मग सांगायचं न्हाईस व्हय?’

‘सांगितलं हुतं, व्हॉट्सॲपवर. तवा तुम्ही सिग्नलवर हुता.’