गेला म्हणे सदेह!

अहो, आता लपवण्यात काय अर्थ आहे? बोभाटा तर झालाच आहे. स्वप्न पाहणं जुनं झालं म्हणे, हल्ली स्वप्नात जातात. आणि झोपून-बिपून नाही हं! चांगलं टक्क जागेपणी, पायात जोडे, कमरेला तलवार. एकीने तर घोडीसुद्धा नेली बरोबर. दार उघडायचं आणि अंगासकट आत! आपल्याकडे सदेह जाण्याचा मान तुकोबांचा. त्रिशंकूने हट्ट धरला तर इंद्राने त्याला वरून ढकललं, अजून लटकतोय उलटा. पण अद्‌भुत कादंबऱ्यांतली ही तरुण मंडळी त्रिशंकू कुठली वाचायला!

या थेराचं माहेरघर म्हणजे अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका. चौदा जाडजूड खंड, पहिला १९९० चा, शेवटचा २०१३ चा. त्यात एक स्वप्नलोक आहे, तेल-अरान-ऱ्हिऑड नावाचा. नाव एका दमात घेता आलं तर तुम्हाला माझा नमस्कार. खऱ्या जगातलं सगळं तिथे असतं, वाडे, रस्ते, डोंगर. फक्त माणसं नसतात. आणि मनात येईल ते घडतं. ऐकायला किती छान, नाही? पण मनात काय काय येतं, याचा विचार केलात का? नाइनिव्ह म्हणून एक बाई आहे, गावची वैद्यीण, शिस्तीची, राग आला की स्वतःची वेणी ओढणारी. तिचंसुद्धा लक्ष जरा ढळलं की अंगावरच्या साध्या लोकरी झग्याचं भलतंच रेशमी काहीतरी होतं, आणि गळा कुठल्या कुठे! पुढचं मी बोलत नाही, घरात मुलं आहेत.

त्याहून मोठं प्रकरण एग्वेनचं. ही मुलगी जात्याच स्वप्नदर्शी, शिकायला गेली वाळवंटातल्या आयील लोकांच्या जाणत्या बायकांकडे. दुसऱ्यांच्या स्वप्नांच्या आसपास घुटमळू नये, हा तिथला साधा शिष्टाचार. ही घुटमळली. कुणाच्या? गाविनच्या, राजघराण्यातल्या त्या देखण्या पोराच्या. आणि तिथे गंमत अशी आहे की ज्याचा आपल्यावर जीव जडलाय (आणि आपला त्याच्यावर), त्याच्या स्वप्नात माणूस ओढलंच जातं. गेली ओढली! तिथे काय पाहिलं ते लेखकाने लिहिलंय, मी कशाला सांगू?

पण हे सगळं झोपेतलं, म्हणून पोटात घालू. खरी धास्ती सदेह जाण्याची. त्या आयील बायका, एमिस, बेअर आणि मेलेन, काही भित्र्या नव्हेत. उघड्या वाळवंटात आयुष्य काढलेल्या. त्यांनीही बजावून सांगितलं होतं, अंगासकट आत जाणं हे पाप आहे, जाणाऱ्याच्या माणूसपणातला काही अंश तिथेच राहतो. आता यात धोका नक्की कुठला, ते नीट ऐका. तिथे झालेली जखम जाग आल्यावरही अंगावर असते आणि तिथे मेलेला मेलाच, हे तर झोपून जाणाऱ्यालाही लागू आहे. मालिकेतल्या पेरिन नावाच्या तरुणाचा लाडका लांडगा हॉपर आधीच मेलेला, फक्त स्वप्नलोकात उरलेला. तेराव्या खंडात तिथेही मारला गेला, तो कायमचा संपला. मात्र झोपून गेलेल्याला एक पळवाट असते, दचकून जागं होण्याची. सदेह गेलेल्याला जाग येणार कुठून? तो जागाच आहे! त्याला दारच शोधावं लागतं, आणि मागे लागलेला त्याला दार उघडू देईल तेव्हा ना.

मग जातात कशाला? अहो, झोपून गेलेला बहुतेक वेळा धुरकट असतो, जादूची विद्याही पातळ चालते. सदेह गेलं की संपूर्ण ताकद हाताशी. शिवाय एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. मधले पहारे, तटबंदी गेली उडत. स्लेयर नावाचा एक मारेकरी तर खुनाचा धंदाच असा करतो, स्वप्नातून थेट बंद खोलीत. म्हणजे बघा, या रस्त्याला गिऱ्हाईक कुठलं ते.

आणि आता खमंग भाग. एवढ्या ताकिदीनंतर गेलं कोण कोण? पहिला आपला नायकच! रँड अल्थोर, पाचव्या खंडात, १९९३ साली. राव्हिन नावाच्या दुष्टाच्या मागे राजवाड्यातून धावत सरळ आत. तिथे राव्हिनने त्याचा आकारच बदलायला घेतला, माणसाचं जनावर व्हायची वेळ आली. नाइनिव्ह नेमकी तिथे पोहोचली म्हणून निभावलं. दुसरी कोण असेल? एग्वेन! सहाव्या खंडात तिने आधी त्या आयील बायकांना आपण खोटं बोलल्याची कबुली दिली, रीतसर मार खाल्ला, आणि मग घोडीवर बसून स्वप्नलोकातून सदेह निघाली ती सॅलिडारला. तिथे पोहोचल्यावर शिक्षा व्हायची सोडून बाईंना आमर्लिनच्या, म्हणजे सगळ्या विद्यावंत स्त्रियांच्या प्रमुखाच्या गादीवर बसवलं. घ्या! मार पडला खोटेपणाचा, आणि पापाला मिळाली गादी.

माझी खरी तक्रार इथेच आहे. धमकी एवढी मोठी दिलीत, तर मग कोणाचं काय गेलं ते दाखवा ना! रँड पुढे दगडासारखा कठोर झाला खरा, पण त्याला दुसरी कारणं पोत्याने आहेत. एग्वेनचं माणूसपण कुठे उणं झालेलं मला तरी दिसलं नाही. उलट अधिकार वाढला, जबान धारदार झाली. जॉर्डन २००७ मध्ये गेला आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून पुरे केले. मग चौदाव्या खंडात पेरिन सदेह गेला, तेव्हा कुठे पहिलं बिल हाती आलं. कसलं? झोपेचं! स्वप्नलोकात दिवसचे दिवस राहिला, पण झोपला नाही, कारण देहानिशी स्वप्नात असणाऱ्याला झोप कशी मिळणार? बाहेर आला तो थकून कोसळला. आत्म्याचा अंश गमावण्याची भाषा ऐकत वीस वर्षं काढली, आणि निघालं काय तर जागरण. तरीही सांगते, मालिकेतला सगळ्यात पटणारा धोका हाच. बाकीचे धोके जाणत्या बायकांनी सांगितले होते, हा देहाने सांगितला.

याच्या तुलनेत जुने लेखक हिशेबाला पक्के. लव्हक्राफ्टचा कुरानीस बघा. लंडनमध्ये राहणारा स्वप्नाळू गृहस्थ, स्वप्नातली नगरी सापडावी म्हणून झोपेसाठी अमली पदार्थ घेत राहिला, पैसा संपला, घराबाहेर पडला. शेवटी नगरी मिळाली, राजा झाला. आणि इकडे समुद्राच्या लाटा त्याच्या प्रेताशी खेळत होत्या. लव्हक्राफ्ट तेवढ्यावर थांबला नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर १९४३ मध्ये छापल्या गेलेल्या कडाथच्या कादंबरीत हाच राजा भेटतो, तर तो लहानपणीच्या कॉर्नवॉलसाठी झुरतोय. स्वप्नात हवं ते घडवता येतं म्हणून त्याने तिथे इंग्लंडातला वाडा बांधलाय, कोळ्यांची वाडी वसवलीय, माणसांना तिकडची बोली शिकवलीय. ज्या जगाला कंटाळून गेला, तेच जग! आणि परत यायला आता देह नाही.

तिकडे सिनेमातही उलटी वाहतूक सुरू झाली, १९८४ च्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये. त्यातल्या नॅन्सी नावाच्या मुलीने स्वप्नातून आधी तिथल्या खुन्याची टोपी ओढून आणली, मग खुन्यालाच. आपल्या पुराणातली उषा मात्र शहाणी. स्वप्नात अनिरुद्ध पाहिला, तर स्वतः कुठेही गेली नाही. मैत्रीण चित्रलेखेने चित्रं काढून ओळख पटवली आणि त्यालाच द्वारकेहून झोपेत उचलून शोणितपुरात आणला. अर्थात नागपाशात तोच सापडला आणि युद्धही झालं, पण उषेचं एक पाऊल घराबाहेर पडलं नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर पाचवा, सहावा आणि चौदावा खंड स्वतः वाचून खात्री करा. टीव्हीवर वाट पाहू नका. ॲमेझॉनने ही मालिका तीन हंगामांनंतर २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा रँडची ती राजवाड्यातली धावपळ पडद्यावर यायचीच राहिली.